‘कुठे मिळेल’ नावाचं पान

रविवारी सकाळी दुकान रिकामं करायला घेतलं. नवी पेठेच्या मागच्या अंगाला दोन वळणं घेतली की एका शटरचं हे दुकान लागतं. आधी ते आईनं चालवलं, नंतर मी. पडदे, उशांचे अभ्रे, दिवाणावरच्या चादरी, आणि भिंतीवर लावायची विणलेली चित्रं. त्या चित्रांना सोलापुरात सगळे वॉल हँगिंगच म्हणतात. पुढच्या आठवड्यापासून इथे मोबाइलची कव्हरं मिळतील.

कपाटं उचलून झाली, आरसा भिंतीवरून निघाला, कापड बेतायचं टेबल टेम्पोत चढलं. मग मी माळ्यावरचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा खाली ओढला आणि तो वास आला. गुळगुळीत कागदाचा, शाईचा, त्यात मुरलेला कोऱ्या कापडाच्या खळीचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा. मी फरशीवर बसले. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. त्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

आमच्या घरात त्याला नुसतं ‘मासिक’ म्हणायचे. बाकीची मासिकं वाचनालयातून यायची आणि परत जायची. हे मात्र विकत घेतलेलं, पुण्याहून निघणारं, घर कसं सजवावं हे सांगणारं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारचं ऊन जरा कललं की आई पेपरच्या स्टॉलवर जायची. स्टॉलवाले काका तिच्यासाठी एक अंक खाली, पंचांगांच्या आड दडवून ठेवत. दुकानात आली की आधी हात धुवायची, पदराला पुसायची, आणि मगच अंक टेबलावर उघडायची. टेबलावर तेव्हा कात्री नाही, खडू नाही, चहाचा कप तर नाहीच.

त्यातल्या खोल्या मला अजून पाठ आहेत. वेताचा झोपाळा, पितळी घागरीत ठेवलेली वाळलेली कणसं, दगडी भिंतीवर पडलेलं पिवळं ऊन. कुठल्याच खोलीत माणूस नसायचं. औषधाची बाटली नाही, दोरीवर टॉवेल नाही, कोपऱ्यात धान्याचं पोतं नाही. आई जवळच्या मंद्रूप गावची, सातवीपर्यंत शिकलेली. ती फोटोवर वाकून गंभीरपणे विचारायची, “हितं कुणी ऱ्हात न्हाय का गं?”

पण ती खरी थांबायची ते शेवटच्या पानावर. त्या पानाचं नाव होतं ‘कुठे मिळेल?’. आतल्या फोटोंमधली कोणती वस्तू कोणत्या गावातल्या कोणत्या दुकानात मिळते, ते तिथं मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असायचं. आईला ती अक्षरं दिसायची नाहीत, म्हणून शाळेतून आल्यावर मी मोठ्यानं वाचायची. वेताचा दिवा, नाशिक, अमुक बोळ, मारुतीच्या देवळासमोर. मातीची तोरणं, कोल्हापूर, जिन्याखालचं दुकान. आई मशीनचं चाक हातानं धरून ऐकायची.

“जिन्याखालचं?” ती म्हणायची. “म्हंजी आपल्यापेक्षा बी बारीक की. पर बघ, आख्ख्या महाराष्ट्राला ठावं झालं.”

त्या काळातले ऋतू मला कापडावरून आठवतात. उन्हाळा म्हणजे जाड, गडद पडदे. सोलापूरचं ऊन आत येऊ नये म्हणून बायका दोन-दोन पदरी शिवून घ्यायच्या आणि दुकानात भर दुपारी पाण्याचा सडा मारला की ओल्या फरशीचा वास पडद्यांच्या गठ्ठ्यात शिरायचा. लग्नसराईत रुखवतासाठी वॉल हँगिंग जायची. मुलीची आई रंग बघायची आणि मुलगी लाजून दुसरीकडे. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली की खेड्यांवरून माणसं यायची. पाळण्यात बसून झालेली, हातात खाज्याचे पुडे घेतलेली. आमच्या दारात उभी राहून नुसती बघायची. आई त्यांनाही आत बोलवायची. “बघा की. बघायला काय जातंय?”

आणि दर गुरुवारी नरसय्यामामा यायचे.

मामा शहराच्या पूर्व भागातले विणकर. घरात एकच मोठी खोली आणि ती सगळी हातमागानं भरलेली. मामी चूल मांडायच्या ती मागाच्या कडेनं, मुलं झोपायची ती मागाखाली. सायकलच्या दांडीला कापडाची गुंडाळी बांधून ते यायचे, शर्टाला सुताचे पांढरे कण चिकटलेले. आईला ते अक्का म्हणायचे आणि मला पापा. तेलुगूत लहान मुलीला पापा म्हणतात. ते मराठी घडाघडा बोलायचे, पण वाचता यायचं ते फक्त तेलुगू. मराठी अक्षरांना सगळ्यांना डोक्यावर रेघ असते, कोण कुठलं कळत नाही, असं म्हणायचे.

वॉल हँगिंगवर तेव्हा मोर असायचे, हरणं असायची, बैलगाडी असायची. मामांनी एकदा वेगळंच काहीतरी विणून आणलं. उंबऱ्यात पाठमोरी बसलेली एक बाई, तिच्या हातात सूप, आणि सुपाच्या वर हवेत उडालेले दाणे. बाईचा चेहरा नाही, नुसती पाठ, अंबाडा आणि कोपर. दाणे मात्र एकेक सुटा, पांढरा, बोटाला लागेल असा उठावाचा. ते मागावर कसं जमवलं कोण जाणे. आईनं ते टेबलावर पसरून त्यावरून तळहात फिरवला.

“कोण हाय रे ही?”

“आमची मंडळीच,” मामा ओशाळून म्हणाले. “सकाळी पाखडत बसली होती. मी मागावर बसून बघतच ऱ्हायलो.”

त्याच दिवशी आईनं मला पहिलं पत्र लिहायला बसवलं. मासिकाला. माझं अक्षर बरं होतं. मग दर दोन-तीन महिन्यांनी एक पत्र, सोबत कापडाचा तुकडा, कधी साधा फोटो. मी नववीत गेले तेव्हा उत्तर आलं, आणि त्यानंतर खरोखरच पुण्याहून एक बाई आल्या. केस आखूड, खांद्यावर झोळी, सोबत एक फोटोग्राफर. आमच्या शाळेतल्या बाईंच्या नव्या घरातल्या भिंतीवर त्यांनी मामांची ही पाखडणारी लावली, खाली पितळेचं तपेलं ठेवलं, खिडकी अर्धी बंद केली, पुन्हा उघडली. आई दाराशी चपला काढून उभी होती. जेवायला चला म्हणून तिनं तीनदा विचारलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तिनं शेवटी बांधूनच दिली.

जाताना त्या एक छापील कागद देऊन गेल्या. भरून टपालानं पाठवा म्हणाल्या. दुकानाचं नाव, पत्ता, वस्तू, आणि सगळ्यात खाली एक रकाना: विणकराचे नाव.

तो कागद मी भरला. दुकानाचं नाव मी दोनदा गिरवून ठळक केलं. पत्ता लिहिला, खूण लिहिली, पिन कोड लिहिला. खालचा रकाना मोकळा सोडला. का, ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. आई मशीनवर होती, टपाल निघायची वेळ झाली होती. एवढंच आठवतं, की पेन तिथं टेकवलं होतं आणि उचललं.

अंक आला. उजवीकडचं पूर्ण पान आमचं. पिवळ्या उन्हात ती पाठमोरी बाई, आणि दाणे असे की आता खाली पडतील. शेवटच्या पानावर आमच्या दुकानाचं नाव, आमचा बोळ. आईनं मला ते चार वेळा वाचायला लावलं.

संध्याकाळी मामा आले. गुरुवार नव्हता. धुतलेला शर्ट, तेल लावलेले केस, हातात पेढ्यांचा पुडा. अंक त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, फोटो बघितला, आणि हसत मला विचारलं, “पापा, माझं नाव कुटं लिवलंय?”

आईचं मशीन थांबलं.

फोटोच्या खाली बारीक अक्षरात एक नाव होतं. फोटोग्राफरचं. मी त्याच्यावर बोट ठेवलं. “हे काय मामा.”

मामांनी माझ्या बोटाशेजारी आपला अंगठा ठेवला. “एवढं मोठं?” म्हणाले. “बापाचं नाव बी घातलंय वाटतं.”

मशीन पुन्हा सुरू झालं. त्यांच्यासाठी घेतलेला जादा अंक घेऊन मामा गेल्यावर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढल्या येळंला त्याचं नाव पैलं टाकायचं. पैलं.” ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग दिवस असे आले की आता खोटे वाटतात. जळगावहून पत्रं, बेळगावहून पत्रं. लोक दुकानात यायचे ते ते पान घडी करून पर्समध्ये घालून. घडीवर शाई उडून पांढरी रेघ पडलेली. जेऊरच्या एक शिक्षिका आगगाडीनं आल्या, स्टेशनवरून चालत, विचारत विचारत. पान उघडून टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, “ही.” आईनं त्यांना पाणी दिलं, पाखडणारी दिली, आणि निघताना ओटी भरली. गर्दी कधीच झाली नाही. पण कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी घरात बसून कुणीतरी आपला पत्ता वाचतंय, ह्या जाणिवेनं आई दुकान झाडताना बाहेरची पायरीसुद्धा पुसून घ्यायची.

मामा पाखडणारी पुन्हा पुन्हा विणत होते. प्रत्येक वेळी दाणे थोडे वेगळे उडायचे.

मी पुण्याच्या त्या बाईंना पत्र लिहिलं. चूक कबूल केली नाही, नुसतं लिहिलं की विणकरांवर काहीतरी करा. त्यांचं उत्तर लगेच आलं. दिवाळी अंकात चार पानं देऊ, मागाचे फोटो काढायला माणूस पाठवू, विणकराचं नाव आणि मुलाखत. आईनं ते पत्र मामांना वाचून दाखवलं, एकेक शब्द. मामांनी घराला चुना काढला. मामींनी मागाच्या लाकडाला तेल लावलं.

फोटोवाला आला नाही. दिवाळी अंक आला तो हाताला हलका लागला. बाईंचं पत्र आलं, या वर्षी पानं कमी करावी लागली, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी कागद बदलला. गुळगुळीतपणा गेला, फोटोंना तपकिरी छटा आली. ‘कुठे मिळेल?’ अर्ध्या पानाचं झालं, मग एका चौकटीचं. मग दोन महिन्यांचा मिळून एक अंक. एका अंकात ती चौकटही नव्हती. आईनं मला शेवटचं पान उलटसुलट बघायला लावलं, कदाचित चुकून आत कुठे गेलं असेल म्हणून.

त्यानंतर स्टॉलवाले काका म्हणायला लागले, “आलं न्हाय ताई.” आई तरी जायची. पहिल्या आठवड्यात, ऊन कललं की. काका लांबूनच मान हलवायचे. पुढे त्या स्टॉलवर पाण्याच्या बाटल्या आल्या, वेफर्स आले, आणि एक दिवस पंचांगंसुद्धा आतल्या बाजूला गेली. पुण्याच्या पत्त्यावर टाकलेलं माझं पत्र परत आलं.

लोक फोन घेऊन यायला लागले तेव्हा आईला आधी आनंदच झाला. कुणी पाखडणारीसमोर उभं राहून फोटो काढला की ती मला कोपर मारायची. “मासिकातनं आले असतील.” ती माणसं फोटो काढून, थँक्यू म्हणून जायची. परत येत नसत. मीही शिकले. फोनवर दुकानाचं पान उघडलं, पाखडणारी टाकली. दोन मावसभावांनी लाइकचा अंगठा टाकला. कुणीतरी अनोळखी माणसानं विचारलं, पाठवता का? मी हो म्हटलं. त्यानं पुढे काही लिहिलं नाही. आता पत्ता कुणीही, कधीही बघू शकत होतं, आणि बोळात कुणी येत नव्हतं.

एका दुपारी विजापूर रोडकडच्या नव्या सोसायटीतली एक बाई आली. तिनं फोनवर एक चित्र दाखवलं. उंबरा, पाठमोरी बाई, सूप. आमचीच. पण विणलेली नव्हे, चकचकीत कापडावर छापलेली. कुठून निघाली, कुणी केली, कुणाला माहीत.

“हेच घरपोच येतंय ना,” ती म्हणाली. “तुमचं काय वेगळं आहे, ते बघायला आले.”

आईनं आमची पाखडणारी तिच्यासमोर धरली. “हात लावून बघा,” म्हणाली. “दाणा लागतोय का बघा बोटाला.”

बाईनं बघितलं, छान आहे म्हणाली, आणि गेली. तिचा फोन टेबलावर होता तेव्हा आईनं त्या छापील चित्रावरही बोट फिरवलं होतं. दाणे शोधत. बोट लागताच चित्र सरकून गेलं आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

आई गेली तेव्हा मामा आले होते, मयताला. त्याच सुमारास कधीतरी माग मोडला, मग मामी गेल्या. मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात गेटवर असतात, एवढं कानावर होतं. एवढं जवळ, आणि मी कधी गेले नाही.

रविवारी मात्र त्या गठ्ठ्यातून तो अंक काढला, पिशवीत घातला आणि स्कूटर काढली. दुकानाची किल्ली देऊन टाकायच्या आत एवढं तरी करायचं होतं. भर दुपार, डांबर मऊ झालेलं. कारखान्याच्या आत यंत्रमाग चालू होते, त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. गेटजवळ पत्र्याच्या सावलीत स्टुलावर मामा बसले होते. खाकी शर्ट अंगात सैल. मी हेल्मेट काढलं तरी त्यांना वेळ लागला.

“पापा? आगं, इतक्या उनाचं?”

त्यांनी बाटलीतलं पाणी दिलं, स्टूल मला दिलं, स्वतः दगडावर बसले. दुकान बंद केल्याचं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मी अंक उघडला, फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “मामा, हे तुमचं नाव नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले होते.”

त्यांनी पानाकडे बघितलंच नाही. “माहिती हाय की,” म्हणाले.

“कधीपासून?”

“आमची लता तिसरीत होती. तिनं वाचलं. म्हणाली, नाना, हे दुसऱ्याच कुणाचं तर नाव हाय.”

“मग?”

“मग काय. तिला म्हटलं, तुला नीट वाचाय येत न्हाय.” ते थोडं हसले. “पाव्हण्यांना दाखवत ऱ्हायलो तसंच. ज्यांना वाचाय यायचं ते बी कोण काय बोलले न्हाईत.”

“आईला का नाही विचारलंत? मला?”

“अक्का म्हणली होती पुढल्या येळंला म्हणून. अक्कानं शब्द दिलाय, तर परत काय विचारायचं?” त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं. “चुना काढला होता घराला. ही रोज माग पुसायची. फोटोवाला येणार, सूत इकडं-तिकडं दिसाय नको. दिवाळी झाली, गड्डा झाला, तरी पुसायची. मी म्हटलं, आता बस कर.”

मला रडू आलं नाही. आलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. मी घाईघाईनं फोन काढला. “मामा, अजून करता येतं. आता मासिक लागत नाही. मी तुमचा फोटो काढते, नाव लिहिते, ही तुमची आहे असं लिहिते. सगळ्यांना दिसेल.”

“काय दिसंल?” त्यांनी मागे वळून बघितलं. “गेट?”

मी फोन खाली घेतला.

“आन बघून आलाच कोण विचारत, तर त्याला देऊ काय? माग भंगारात गेला. ह्या बोटांत आता धागा ठरत न्हाय.” हे ते चिडून बोलले नाहीत. लहानपणी मला धाग्यांची नावं सांगत, त्याच आवाजात बोलले.

मग त्यांनी अंक मांडीवर घेतला. चष्मा नव्हता. पान डोळ्यांपासून लांब धरून, मान मागं घेऊन बराच वेळ बघितलं. सुपाच्या उजव्या काठावर, वरून तिसऱ्या दाण्यावर नख टेकवलं.

“हा बघ. एक घर खाली गेलाय. चुकला तवाच कळलं होतं. पर गुरुवार होता, उसवत बसलो न्हाय. फोटो निघाल्यावर म्हटलं, ते लोक परत येतील तवा चांगली विणून देऊ.”

मी बघितलं. मला तो दाणा इतर दाण्यांसारखाच दिसत होता.

आतून लॉरीनं हॉर्न दिला. मामांनी अंक मिटून माझ्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गेटकडे गेले. कडी जड होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. टॉवेलच्या गाठोड्यांनी भरलेली लॉरी बाहेर पडली, तिच्या मागं उडालेला फुफाटा खाली बसेपर्यंत ते तिथंच उभे राहिले. मागं आणखी एक गाडी लागली होती. त्यांनी मला हातानंच खूण केली, स्कूटर बाजूला घे.